कोरी घरं

पानाचा फोटो काढू देत नाहीत.
पेन्सिल चालते.
म्हणून अकरा दिवस कलेक्टर कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये
मी सेटलमेंटची नोंदवही
पेन्सिलनं वाचत बसले.

नंबर २१४. लगमव्वा. वय अदमासे बावीस.
गिरणीत कांड्या भरते.
ओळखीच्या खुणा : डाव्या कोपराखाली भाजल्याचा डाग,
उजव्या खांद्यामागं तीळ, दोन.
रात्रीच्या हजेरीस गैरहजर.
सापडली : नंबर ३०९ च्या खोपीत.
शिक्षा : आठ दिवस पास बंद.

शाई काळी असेल कधीतरी,
आता बशीत सांडून वाळलेल्या चहासारखी.

चार महिन्यांनी पुन्हा गैरहजर. सापडली : तिथेच.
बेंदूर झाल्यावर पुन्हा. तिथेच.
सातव्यांदा ‘तिथेच’ लिहिताना कारकुनानं
वेलांटी जरा जास्तच वळवलीय.
कंटाळला असेल.
किंवा हसला असेल, शेजारच्या टेबलाकडं बघून.

३०९ म्हणजे सोनकी. नवरा येरवड्याला.
अंगठा पुसट, जणू उठवतानाच मागं घेतलेला.
कारण या रकान्यात दोघींच्याही नावापुढं
एक आडवी रेघ.

खांद्यामागचे तीळ
बाईला स्वतःला दिसत नाहीत.
ते माहीत दोघांनाच :
वही भरणाऱ्याला
आणि त्या आडव्या रेघेला.

मी काढायला घेतलं.
खोप, चिमणी, दोघी, एकीच्या पाठीवर दुसरीचा हात.
बरं जमलं होतं.
मग दिसलं, चित्रात उजेड दारातून येतोय
आणि दारात मी उभी आहे
सरकारी कंदील धरून.
फाडलं.

घरी नायनांच्या पेटीत ग्राफचे कागद उरलेत,
चादरीच्या नक्षीचे.
चाळीस वर्षं त्यांनी घरं भरली :
मोराची मान, कमळ, कुणाच्या तरी लग्नाची तारीख.
भरलेलं घर म्हणजे हा धागा वर,
कोरं घर म्हणजे हा धागा खाली.
साखर पेठेतले माग भंगारात गेले किलोवर,
कागदांना कुणी भाव केला नाही.

त्यावर मी भरत गेले
तीन तारांचं कुंपण, गिरणीचा भोंगा, पासाचा शिक्का,
हवालदाराच्या बुटाचे खिळे,
वहीत होतं ते सगळं, घर न् घर, तांबडं.
मधे दोन बायांएवढी जागा
तशीच ठेवली.

नायनांनी चष्मा कपाळावर सारला,
कागद खिडकीशी धरला.
वाटलं, विचारतील, हे काय, कोण या.
ते घरं मोजत होते.
ओठ हलत होते, तेलुगूत.
मग म्हणाले,
“हे मागावर चढवलं तर मधलं सगळं मागनं उठंल की.
पुढं जेवढं कोरं, मागं तेवढं भरलेलं.
चादर हाय ही.
हिला उलटी बाजू म्हणून काय नसतंय.”

मी काहीच बोलले नाही.
लाकडी पट्टीवर जुन्या शाईचे ठिपके होते, ते खरवडत राहिले.

“मागचा रंग कुठला धरलाईस?”

वहीत रंगाचा रकाना नव्हता.
उंची होती, दात किती ते होतं,
बोटांचे ठसे दहाच्या दहा.
मी विचारलं, कांड्या भरणाऱ्या बाईच्या नखांत
कुठला रंग राहतो?

“त्या दिवशी मागाला जो लागलाय तो.”

कागद त्यांनी गुंडाळला नाही.
टेबलावर पसरून चारी कोपऱ्यांवर
रिकाम्या कांड्या ठेवल्या.
बऱ्याच वेळानं,
माझ्याकडं न बघता :
“तुझ्या आईच्या नखांत हिरवा होता.
पहिल्या रात्री.
हळद लावूनपण गेला नव्हता.”